उतरत्या वयाचा भाव : प्रस्तावना

३ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये बाल्टिमोर रेव्हन्सनं सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सला ३४-३१ असं हरवून सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या एनएफएल या लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्या सामन्यातला पहिला टचडाऊन रेव्हन्सच्या वाइड रिसीव्हरचा, अँक्वान बोल्डिनचा, होता. त्या रात्री त्यानं सहा झेल घेतले आणि १०४ यार्ड कमावले. त्याआधीचे बाद फेरीतले सामने धरले तर महिन्याभरात २२ झेल, ३८० यार्ड, चार टचडाऊन. त्यानंतर सहा आठवडेही उलटले नव्हते, तोच रेव्हन्सनं त्याला देऊन टाकलं, तेही नुकतंच हरवलेल्या फोर्टीनायनर्सला. बदल्यात पदरात काय पडलं, तर ड्राफ्टच्या सहाव्या फेरीतला एक पिक.

ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंची वार्षिक वाटणी, आणि पिक म्हणजे त्यात खेळाडू निवडण्याची एक पाळी. तिच्या फेऱ्या सातच, म्हणजे सहावी फेरी ही पंगत उठत आल्यावरची. महान क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी सहाव्या फेरीतच मिळाला होता हे प्रत्येक जण ऐकवतो. त्या फेरीतले बरेच जण दोन-तीन वर्षांत लीगमधून दिसेनासे होतात हे मात्र कुणी ऐकवत नाही. बोल्डिनच्या खेळाबद्दल रेव्हन्सची तक्रार नव्हतीच. त्याचं वय ३२ होतं आणि पुढच्या हंगामाचा पगार ६० लाख डॉलर ठरलेला होता. त्यातले २० लाख सोड, असं क्लबचं म्हणणं. तो नाही म्हणाला. ८ सप्टेंबरला फोर्टीनायनर्सच्या लाल जर्सीत तो पहिल्यांदा उतरला आणि ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध त्यानं १३ झेल घेतले, २०८ यार्ड काढले. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर ८५ झेल आणि १,१७९ यार्ड होते. गतविजेते रेव्हन्स त्या वर्षी बाद फेरीतही पोचले नाहीत.

हे पुस्तक अशा व्यवहारांबद्दल आहे. अमेरिकेच्या एनएफएलमध्ये वाइड रिसीव्हर तिशीला टेकला की त्याची किंमत कशी ठरते, कोण ठरवतं, आणि ती इतक्या वेळा चुकते का, हा त्याचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो : म्हाताऱ्या रिसीव्हरचा बाजारात जो भाव फुटतो, तो बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या वहीतून आलेला असतो. खेळाडूच्या पायांकडे पाहून तो ठरतो असं आपण समजतो, एवढंच. पाय पाहायचेच असतील तर ‘किती धावला’ यापेक्षा ‘मोकळा कसा झाला’ हे पाहावं लागतं, आणि ते आकड्यांच्या तक्त्यात सहजी सापडत नाही.

हा खेळ फारसा न पाहिलेल्या वाचकासाठी रिसीव्हरचं काम थोडं जवळून दाखवतो. तो रांगेच्या एका टोकाला, बाजूच्या रेषेलगत उभा असतो. समोर हातभर अंतरावर कॉर्नरबॅक, त्याला अडवायला आलेला. पहिल्या पाच यार्डांत कॉर्नरबॅकनं त्याला हातांनी रेटलेलं नियमात बसतं. म्हणजे पहिलं काम त्या हातांमधून सुटण्याचं. मग ठरलेल्या वाटेनं, ‘रूट’नं, जिवाच्या आकांतानं पळायचं, अशा थाटात की सरळ पुढेच जाणार आहे असं समोरच्याला वाटावं. आणि बारा-पंधरा यार्डांवर एकदम कंबर खाली घेऊन, एक पाय रोवून वळायचं. जमलेल्या जोडीत तो वळण्याआधीच क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटलेला असतो. मान वळवली की चेंडू समोर. हे सगळं तीनेक सेकंदांत. त्यानंतर झेल, आणि झेल घेताना बरगडीत बसणारा सेफ्टी नावाच्या बचावपटूचा खांदा.

वय यातल्या प्रत्येक गोष्टीला सारखंच खात नाही. सरळ पळण्याचा वेग जातो हे सगळ्यांना दिसतं. त्याहून आधी जातं ते थांबणं. भरधाव वेगातून वळायला पूर्वीपेक्षा एक पाऊल जास्त लागू लागतं, आणि त्या एका पावलात कॉर्नरबॅक येऊन पोचतो. मांडीमागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, कुरकुरायला लागतो. तो एकदा दुखावला की त्याच हंगामात पुन्हा दुखावण्याची धास्ती. हात मात्र राहतात. समोरच्याला पाठीवर घेऊन चेंडू आणि त्याच्यामध्ये आपलं अंग घालण्याची कला राहते. कुठल्या बचावात कुठली जागा रिकामी पडणार याचं ज्ञान तर वयाबरोबर वाढत जातं. म्हणून तिशीच्या रिसीव्हरबद्दल पहिला प्रश्न असा की, तो पंचविशीत कशाच्या जोरावर जिंकत होता?

बोल्डिनचं उत्तर सोपं आहे. २००३ साली इंडियानापोलिसच्या चाचणी शिबिरात चाळीस यार्ड पळायला त्याला ४.७ सेकंदांच्या आसपास लागले. रिसीव्हरच्या मानानं हा बैठा वेग. त्यापायी तो दुसऱ्या फेरीत घसरला, आणि आयुष्यातल्या पहिल्याच एनएफएल सामन्यात त्यानं २१७ यार्ड काढले. तो कधीच कुणाच्या पुढे पळून मोकळा झाला नाही. समोरचा अंगाला चिकटलेला असतानाच तो चेंडू ओढून घ्यायचा. जो वेग मुळात नव्हताच तो वय काय हिरावून घेणार? बाजारानं त्याचं वय मोजलं, पण हे मोजलं नाही. किंवा मोजलंही असेल. रेव्हन्सला त्या आठवड्यात वहीत ६० लाखांची जागा हवी होती, आणि तेव्हा बाकी सगळं दुय्यम ठरलं.

आता ती वही. एनएफएलमध्ये १९९४ पासून सॅलरी कॅप आहे, म्हणजे प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर वरची मर्यादा. सुरुवातीला ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ साली २७ कोटी ९२ लाख. मालक कितीही श्रीमंत असो, मर्यादा ३२ संघांना सारखीच. त्यामुळे क्लबांनी एक युक्ती काढली : पगार कमी ठेवायचा, सही करताना मोठा बोनस रोख द्यायचा आणि हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरायचा. २ कोटींचा बोनस पाच वर्षांवर पसरला की दर वर्षी ४० लाख. खेळाडू दोन वर्षांनी गेला तर राहिलेले १ कोटी २० लाख एकदम वहीत येऊन बसतात. याला ‘डेड मनी’ म्हणतात. कर्जावर घेतलेली गाडी हप्ते फिटायच्या आत विकली तर गाडी दुसऱ्याच्या दारात आणि हप्ते आपल्या खात्यात, तसला हा प्रकार. १ जूननंतर सोडचिठ्ठी दिली तर ओझं दोन वर्षांत विभागता येतं. म्हणून काही व्यवहार नेमके त्या तारखेची वाट पाहत थांबतात, आणि बाहेरच्याला वाटतं की खेळाडूबद्दल क्लबचं मत बनत नाहीये.

पिट्सबर्ग स्टीलर्सनं मार्च २०१९ मध्ये अँटोनियो ब्राऊन रेडर्सला दिला, तेव्हा आदल्याच हंगामात त्यानं पास झेलून १५ टचडाऊन केले होते, त्यात तो लीगमध्ये पहिला. मिळाले काय, तर तिसऱ्या आणि पाचव्या फेरीतले पिक. वर २ कोटी ११ लाख डॉलरांचा डेड मनी. त्याचं आणि क्लबचं इतकं फाटलं होतं की ही रक्कम त्याला घालवण्याची फी म्हणून भरली गेली. बफलो बिल्सनं एप्रिल २०२४ मध्ये स्टेफॉन डिग्जला ह्यूस्टन टेक्सन्सकडे पाठवलं तेव्हा हाच आकडा ३ कोटी १० लाखांच्या घरात होता. एवढे पैसे मोजून बिल्स त्याच्याशिवाय खेळले, आणि त्या वर्षी त्यांचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डिग्ज टेक्सन्सकडून आठ सामने खेळला आणि गुडघ्याचा एसीएल फाटून बसला. यातून डिग्ज वाईट खेळाडू होता असं कुणी काढू नये. २०२० साली त्याच बिल्सनं पहिल्या फेरीतला २२ वा पिक आणि वर आणखी काही पिक मोजून त्याला व्हायकिंग्जकडून आणलं होतं. आल्याआल्या त्यानं १२७ झेल आणि १,५३५ यार्डांसह दोन्हींत लीगमध्ये पहिला नंबर काढला. त्या २२ व्या पिकवर व्हायकिंग्जनं जस्टिन जेफरसन उचलला. दोन्ही बाजू जिंकल्या असा व्यवहार या पुस्तकात क्वचितच भेटेल, आणि तो झाला तेव्हा डिग्ज २६ वर्षांचा होता हे ध्यानात ठेवायला हवं.

रँडी मॉसची गोष्ट या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत येते आणि बहुधा चुकीच्या कारणासाठी येते. २००५ साली व्हायकिंग्जनं तो ओकलंड रेडर्सला दिला आणि त्या बदल्यात मिळालेल्या सातव्या पिकवर ट्रॉय विल्यमसन नावाचा वाऱ्यासारखा पळणारा रिसीव्हर घेतला. विल्यमसन पळायचा छान, चेंडू हातात राहायचा नाही. इकडे ओकलंडमध्ये मॉसही मिटत गेला. २००६ चा हंगाम : ४२ झेल, ५५३ यार्ड, तीन टचडाऊन. तो २९ वर्षांचा, संघ रसातळाला, आणि मनातून तो तिथं नव्हताच असं पाहणारा कुणीही सांगत होता. एप्रिल २००७ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सनं चौथ्या फेरीतला ११० वा पिक देऊन त्याला उचललं. मॉसनं पगारही कमी करून घेतला. पुढे काय झालं ते रेकॉर्डबुकात आहे : ९८ झेल, १,४९३ यार्ड, २३ टचडाऊन. जेरी राइसचा २२ चा विक्रम मोडला. (राइसनं ते २२ संपाच्या वर्षी, १९८७ मध्ये, फक्त १२ सामन्यांत केले होते, विक्रमांची तुलना करणाऱ्यांनी हे विसरू नये.) विक्रमाचा क्षण पाहण्यासारखा आहे. २९ डिसेंबर, जायंट्सविरुद्ध, साखळीतला शेवटचा सामना. पेट्रियट्सच्या ब्रेडीनं खोलवर फेकलेला चेंडू थोडा आखूड पडला, मॉसला मागे यावं लागलं आणि तो हातून निसटला. पुढच्याच खेळीत पुन्हा तोच रूट, तीच फेक, या वेळी पूर्ण लांबीची. ६५ यार्ड, टचडाऊन.

यावरून लोक म्हणतात, बघा, चौथ्या फेरीत सोनं मिळतं. मला यातून वेगळं दिसतं. ओकलंडचे आकडे मॉसचे नव्हतेच. ते ओकलंडच्या क्वार्टरबॅकचे, ओकलंडच्या रांगेचे आणि मॉसच्या कंटाळ्याचे मिळून झालेले आकडे होते. रिसीव्हर हा या खेळातला सर्वांत परावलंबी तारा. चेंडू कुणीतरी फेकल्याशिवाय तो काहीच नाही. त्यामुळे त्याचा पडता आलेख पाहताना निम्मा वेळ आपण दुसऱ्याच कुणाचा आलेख वाचत असतो. आणि पेट्रियट्सला हे कळत होतं, तसंच उलटंही कळत होतं. ऑक्टोबर २०१० मध्ये त्यांनी मॉसला तिसऱ्या फेरीतल्या पिकवर व्हायकिंग्जला परत विकला, म्हणजे घेतल्यापेक्षा वरच्या भावानं. व्हायकिंग्जनं चार सामन्यांनंतर त्याला सोडून दिलं, टायटन्सनं उचललं, आणि तीन जर्सी मिळून त्या वर्षी त्याचे झेल झाले २८.

गंमत म्हणजे तो ११० वा पिक पुन्हा एकदा याच कामी आला. मार्च २०२४ मध्ये लॉस एंजेलिस चार्जर्सनं किनन ॲलनला शिकागो बेअर्सकडे दिलं, आणि बदल्यात आला तो त्या वर्षीचा ११० वा पिक. ॲलन ३२ ला टेकलेला, पण आदल्या हंगामात १३ सामन्यांत १०८ झेल आणि १,२४३ यार्ड. इथंही पगारकपातीची मागणी, इथंही नकार. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जिमी जॉन्सनच्या डॅलस काउबॉइजनं पिकांच्या अदलाबदलीसाठी गुणांचा एक तक्ता केला होता, तो आजही लोक उलगडून बसतात. त्यात पहिल्या पिकला ३,००० गुण आहेत, ११० व्याला ७४. शंभरावर झेल घेणारा माणूस ७४ गुणांना! चार्जर्सनं मग तो पिक आपल्या ३७ व्या पिकबरोबर देऊन तीन पायऱ्या वर चढून ३४ व्या क्रमांकावर लॅड मकॉन्की हा कोवळा रिसीव्हर घेतला. पहिल्याच वर्षी त्याचे ८२ झेल आणि १,१४९ यार्ड झाले. बेअर्सकडे ॲलनचे ७० आणि ७४४. चार्जर्सनं पगार वाचवला, वयही उतरवून घेतलं. हा मला आजवरचा सर्वांत हुशार व्यवहार वाटतो, जरी जाहीर झाला त्या दिवशी तो चार्जर्सनं हात टेकल्यासारखा दिसत होता.

डेव्हान्टे ॲडम्सच्या बाबतीत तर एकाच माणसाचे तीन वर्षांत तीन भाव झाले. मार्च २०२२ : रेडर्सनं त्याच्यासाठी पॅकर्सला पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतले पिक दिले. ऑक्टोबर २०२४ : जेट्सनं तोच माणूस तिसऱ्या फेरीतल्या सशर्त पिकवर घेतला. मार्च २०२५ : जेट्सनं त्याला फुकट सोडला, आणि रॅम्सनं दोन वर्षांचे ४ कोटी ४० लाख डॉलर कबूल करून उचलला. पिकच्या हिशेबात शून्य, रोखीच्या हिशेबात वर्षाला २ कोटी २० लाख. यातला ‘बाजारभाव’ कुठला म्हणायचा? २०२२ ते २०२४ या तिन्ही हंगामांत त्यानं हजार यार्ड ओलांडले होते.

या कोड्याचं उत्तर असं की इथं एकावर एक दोन बाजार आहेत. एका बाजारात क्लब क्लबाला विकतो आणि चलन पिकांचं. दुसऱ्यात क्लब थेट खेळाडूशी बोलतो आणि चलन डॉलर. पहिल्या बाजारात घेणाऱ्याला खेळाडूबरोबर त्याचा जुना करारही घ्यावा लागतो, मोठमोठ्या पगारांसकट. म्हणून तिथं भाव पडतो तो कराराचा. आणि एकदा का क्लब त्याला सोडणारच आहे असा वास लागला की पहिला बाजार ओस पडतो. फुकटात मिळणार त्याच्यासाठी पिक कोण मोजेल? झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडण्याची घाई ॲरिझोना कार्डिनल्सनं २०२३ मध्ये केली. डिअँड्रे हॉपकिन्सला गिऱ्हाईक आहे का, असं त्यांनी महिनोन् महिने सगळ्या लीगला विचारलं. पगार जवळपास १ कोटी ९५ लाख, वय ३१ ला आलेलं, आदल्या वर्षी बंदी घातलेल्या द्रव्यासाठी सहा सामन्यांची शिक्षा. सगळे गप्प बसले. २६ मे रोजी त्यांनी त्याला सोडलं. टायटन्सनं दोन वर्षांचा २ कोटी ६० लाखांचा करार केला, आणि त्या हंगामात त्यानं १,०५७ यार्ड काढले. गप्प बसणाऱ्या ३१ क्लबांना त्याचा खेळ संपला असं वाटत नव्हतं, ते फक्त वाट पाहत होते.

याच टायटन्सनं दोन वर्षांपूर्वी हात पोळून घेतले होते. जून २०२१ मध्ये त्यांनी जूलिओ जोन्ससाठी अटलांटा फाल्कन्सला २०२२ चा दुसऱ्या फेरीतला पिक दिला, २०२३ चा चौथ्या फेरीतला वर. १ कोटी ५३ लाखांचा हमीचा पगारही अंगावर घेतला. फाल्कन्सला विकणं भाग होतं, कारण करोनाच्या वर्षानंतर कॅप १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर आली होती. टायटन्सचा तर्कही मूर्खपणाचा नव्हता. जूलिओची कारकिर्दीतली सरासरी, सामन्यामागे सुमारे ९५ यार्ड, ही तोवरच्या इतिहासात सर्वाधिक होती. २०२० मध्येही खेळला तेव्हा सामन्याला ८५ यार्डांच्या वर. पण ‘खेळला तेव्हा’ या शब्दांतच सगळं आलं : १६ पैकी नऊ सामने. हॅमस्ट्रिंग. टायटन्सकडे तो दहा सामन्यांत उतरला, ३१ झेल, एक टचडाऊन, आणि मार्चमध्ये नारळ.

बोल्डिन आणि जूलिओ समोरासमोर ठेवले की माझं म्हणणं स्पष्ट होतं. जूलिओ उंच, दणकट आणि भन्नाट वेगाचा. त्याची सगळी इमारत त्या वेगावर उभी. त्याचा दर्जा घसरला नव्हता, हजेरी घसरली होती, आणि सरासरीत हजेरी दिसत नाही. म्हातारा रिसीव्हर हळूहळू मंदावतो हे चित्र मनातून काढून टाकायला हवं. बऱ्याचदा तो मंदावत नाही, तो गैरहजर राहायला लागतो.

वयाचे आलेख म्हणून जे छापले जातात त्यांच्याबद्दल दोन शब्द. रिसीव्हरचा बहर साधारण पंचविशी ते अठ्ठाविशीत, तिशीनंतर उतार, हे ढोबळमानानं खरं. पण ३४-३५ च्या वयात आलेख पुन्हा सावरल्यासारखा दिसतो आणि लोक फसतात. त्या वयात खेळत राहिलेले कोण असतात? लॅरी फिट्झजेराल्ड, राइस, असेच. बाकीच्यांना आधीच घरी पाठवलेलं असतं, त्यांचे आकडे त्या आलेखात येतच नाहीत. राइसनं चाळिशी गाठली त्या २००२ च्या हंगामात रेडर्सकडून ९२ झेल आणि १,२११ यार्ड काढले. त्यावरून चाळिशीच्या रिसीव्हरबद्दल निष्कर्ष काढणं म्हणजे शतायुषी माणसाला विचारून आयुर्मान ठरवणं.

राइसबरोबर टेरेल ओवेन्सचं नाव घ्यावंच लागतं. १७ डिसेंबर २००० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत राइसचा घरच्या मैदानावरचा निरोपाचा सामना होता. सगळा सोहळा त्याच्यासाठी, आणि मैदानात शिकागोविरुद्ध त्याच्या तरुण जोडीदारानं, ओवेन्सनं, २० झेल घेतले. एका सामन्यात तोवर इतके झेल कुणीच घेतले नव्हते. इतका निष्ठुर पायउतार मी दुसरा पाहिलेला नाही. मग ओवेन्सची पाळी आली. २०१० मध्ये सिनसिनाटीसाठी १४ सामन्यांत ७२ झेल, ९८३ यार्ड, नऊ टचडाऊन. त्याच हंगामात त्याला ३७ वं लागलं. पुढच्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबरमध्ये त्यानं कॅलिफोर्नियात सर्व क्लबांसाठी खुला सराव ठेवला. टीव्हीचे कॅमेरे आले. क्लबाचा एकही माणूस आला नाही. गुडघा हे एक कारण. दुसरं म्हणजे जिथं गेला तिथं त्यानं केलेली भांडणं. नऊ टचडाऊन करणारा माणूस ड्रेसिंग रूममध्ये नको असेल तर त्याची किंमत ऋण असू शकते, आणि तीही खरी किंमतच आहे. आकडेवाल्यांना हे आवडत नाही.

कार्डिनल्सच्या लॅरी फिट्झजेराल्डनं वेगळी वाट धरली, म्हणजे धरायला लावली गेली. २०१२ ते २०१४ ही तीन वर्षं त्याला हजार यार्ड गाठता आले नाहीत आणि तो संपला असं बोललं जाऊ लागलं. प्रशिक्षक ब्रूस एरियन्सनं त्याला कडेवरून आत, ‘स्लॉट’मध्ये आणलं. तिथं समोर उभा राहून रेटणारा कॉर्नरबॅक सहसा नसतो, सुटायला दोन्ही बाजू मोकळ्या असतात, पण मोठ्या अंगाच्या लोकांना अडवण्याचं घाणेरडं काम करावं लागतं, जे बहुतेक ताऱ्यांना नको असतं. त्यानं केलं. २०१५ पासून सलग तीन हंगाम १०९, १०७, १०९ झेल. स्टीव्ह स्मिथला तर स्वभावच पुरला. ३४ व्या वर्षी कॅरोलायना पँथर्सनं त्याला काढलं, रेव्हन्सनं घेतलं, आणि २८ सप्टेंबर २०१४ रोजी जुन्या क्लबाविरुद्ध त्यानं सात झेल, १३९ यार्ड आणि दोन टचडाऊन केले. रेव्हन्स ३८-१० नं जिंकले. बोल्डिनला वयापायी घालवलेल्या क्लबानं वर्षभरात त्याच्याहून वयानं मोठा रिसीव्हर आणला, हे मुद्दाम नोंदवतो.

करार कसा बांधला आहे यावरून क्लबाच्या मनातली शंका ओळखता येते. तरुण ताऱ्याला हमी मिळते : मार्च २०२५ मध्ये सिनसिनाटीनं जमार चेसला चार वर्षांसाठी एकूण १६ कोटी १० लाख कबूल केले, त्यातला मोठा भाग हमीचा. म्हाताऱ्याच्या वाट्याला अटी येतात, इतके झेल तर इतके, इतके यार्ड तर इतके. त्यातून कधी मजेशीर प्रसंग उभे राहतात. जानेवारी २०२५ मध्ये टँपा बेचा माइक इव्हान्स सलग अकराव्या हजार यार्डांच्या हंगामापासून, म्हणजे राइसच्या बरोबरीपासून, पाच यार्ड दूर होता. सामना जिंकल्यात जमा, सेकंद उरलेले, एरवी क्वार्टरबॅक गुडघा टेकून वेळ संपवतो. त्याऐवजी बेकर मेफिल्डनं इव्हान्सकडे नऊ यार्डांचा पास टाकला. १,००४ यार्ड, विक्रमाशी बरोबरी आणि ३० लाख डॉलर. अख्खा संघ मैदानात धावत आला. उलट टोकाला ओडेल बेकहॅम. अख्खा २०२२ चा हंगाम गुडघ्यापायी बाहेर बसलेल्या या ताऱ्याला रेव्हन्सनं एका वर्षाचे दीड कोटी, तेही हमीनं, दिले. ३५ झेल झाले. ते पैसे खेळाचे होते की क्वार्टरबॅक लमार जॅक्सनशी चाललेल्या वाटाघाटींतल्या सदिच्छेचे, यावर या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे.

खेळाडू स्वतःची किंमत कशी करतो, हा भाग अशा लेखनातून नेहमी गळतो. डेट्रॉइट लायन्सचा केल्विन जॉन्सन २०१५ च्या हंगामानंतर, ८८ झेल आणि १,२१४ यार्ड काढून, तिशीत थांबला. बाजारात त्याला कुणीही काहीही दिलं असतं. त्यानं बोटं, घोटे, गुडघे यांचा हिशेब केला आणि तो वेगळा निघाला. लायन्सनं वर सायनिंग बोनसमधले काही पैसे परत मागितले. २०२१ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. क्लबाशी धरलेला अबोला बरीच वर्षं टिकला.

पुढच्या प्रकरणांत रकमा देताना शक्य तिथं हमीची रक्कम धरली आहे, वर्तमानपत्री मथळ्यातली नाही. मथळ्यातले कोटी एजंटच्या जाहिरातीसाठी असतात. खांदापट्टीत बसवलेल्या चिपांमधून आता प्रत्येक रिसीव्हरचा वेग आणि समोरच्यापासूनचं अंतर मिळतं. ते आकडे वापरले आहेत, पण बेतानं, कारण बोल्डिनसारखा माणूस त्या मोजणीत कायम नापास होतो.

पहिलं प्रकरण कुठल्याही खेळाडूवर नाही, ते एका गिऱ्हाइकावर आहे. राइस, मॉस, ब्राऊन, ॲडम्स हे चारही जण कधी ना कधी रेडर्सच्या दारात आले. मॉस तिथं मिटला. ब्राऊन एकही साखळी सामना न खेळता गेला. ॲडम्स उत्तम खेळला आणि तरी निम्म्याहून कमी भावात विकला गेला. राइस आला तेव्हा ३८ वर्षांचा होता, फोर्टीनायनर्सनं वही जुळवण्यासाठी सोडून दिलेला, आणि त्याच्यासाठी रेडर्सला एकही पिक द्यावा लागला नव्हता. सुरुवात त्याच्यापासून केली आहे.